पंचेचाळीसवाला

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला काय बोललो यावर तुम्ही तोंड वाकडं करणार नाही. नलिनी, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असतो. असेन. साकीनाक्याला लेथ मशीनच्या गाळ्यात बावीस वर्षं सुपरवायझर आहे, तिथे गोड बोलून कुणी काम करत नाही. आणि त्याच्याही आधीपासून मी मरोळच्या गावठाणातल्या फुटबॉल टीमला बॅक म्हणून खेळायचो. मागे उभं राहायचं, बॉल अडवायचा आणि पुढच्यांना शिव्या घालायच्या. झकास दिवस होते ते.

चाळिशीत डावा गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग मी ग्राउंडवर जाणंच बंद केलं. काठावर खुर्ची टाकून चोरिस-पाव खात रेफ्रीला नावं ठेवणारे म्हातारे असतात ना, त्यांच्यात बसायची माझी तयारी नव्हती. सात वर्षं रविवारी सकाळी मी चर्चच्या रस्त्याने न जाता लांबच्या रस्त्याने दूध आणत होतो. कारण साधं होतं. बॉलचा आवाज ऐकला असता तर पाय तिकडेच वळले असते.

गेल्या डिसेंबरात ॲलन घरी आला. ॲलन आमच्या टीमचा आताचा कॅप्टन, पंचविशीचा, एअरपोर्टला कामाला. गिल्बर्ट सरांचा नातू. गिल्बर्ट सर म्हणजे आमच्या शाळेचे पीटीचे सर आणि या टीमचे कोच. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. ॲलनच्या घरात मोठ्यांनाही तू म्हणतात, त्यात अपमान नसतो. पण त्या दिवशी तो जे बोलला त्यात होता.

आमच्याकडे नाताळच्या आधी पॅरिशची, म्हणजे आसपासच्या चर्चवाल्यांची, सात-सात जणांची टुर्नामेंट असते. ती चालवतात बेटी मॅडम, वाकोल्याच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांच्यापुढे माझीसुद्धा बोलती बंद होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नियम काढला, की प्रत्येक टीममध्ये पंचेचाळीस पूर्ण झालेला एक माणूस पूर्ण वेळ ग्राउंडमध्ये पाहिजे. म्हाताऱ्यांनी काठावर बसून भांडण्यापेक्षा आत येऊन पळावं, एवढाच हेतू. त्या खेळाडूला सगळे पंचेचाळीसवाला म्हणतात. आमचा पंचेचाळीसवाला मस्कतला नोकरीवर गेला होता. दुसरा कुणी मिळत नव्हता आणि माणूस मिळाला नाही तर टीम बाद.

ॲलन चहा पिता पिता म्हणाला, "अंकल, तुझे पाय नकोत मला, वय पाहिजे. मागे डाव्या कोपऱ्यात उभा राहा. पळू नको, बॉलच्या मध्ये येऊ नको आणि मेहेरबानी करून ओरडू नको. पोरांना टेन्शन येतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कप त्याच्या हातातून काढून घ्यावा असं वाटलं. नलिनी आतून बघत होती, तिला वाटलं आता हा पोराला घराबाहेर काढणार. पण मी हो म्हणालो. खांबासारखं उभं करा, चालेल, पण मला त्या ग्राउंडमध्ये घ्या, असं मला आतून वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, आता बोलतोय.

पंधरा दिवस सकाळी साडेपाचला उठून मी मरोळ एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर चालायला आणि मग जरा पळायला लागलो. गुडघ्याला पट्टा बांधून. नलिनीने नवे शूज आणवले. आणि शुक्रवारी ॲलनने नोंदणीसाठी आधारची झेरॉक्स मागितली, तेव्हा वाट लागली.

त्याने कार्ड बघितलं, पुन्हा बघितलं. "अंकल, हे एक्याऐंशी काय? तू चव्वेचाळीसचाच आहेस."

प्रॅक्टिसला आलेली सगळी पोरं हसायला लागली. आमचा प्रांजल, एकोणीस वर्षांचा डावा बॅक, तो तर खाली बसून हसला. पाय नको होते, वय पाहिजे होतं, आणि तेही तीन महिन्यांनी कमी पडलं. माझे कान गरम झाले. मी घरी आलो आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

खरी गोष्ट अशी, की मी सत्तेचाळीसचा आहे. जन्म मार्च अठ्ठ्याहत्तरचा, मालवणजवळच्या गावी. नव्वद साली बाबांनी मला मुंबईला आणलं, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गावच्या शाळेत दोन वर्षं फुकट गेली होती, म्हणून मरोळच्या शाळेत पाचवीत घालायचं ठरलं. बाबा गिरणी बंद पडल्यावर इथे एका कंपनीत वॉचमन झाले होते. ते फॉर्म घेऊन ऑफिसबाहेर उभे, आणि मी कंटाळून अंगणात पोरांच्यात घुसून बॉल मारत होतो. गिल्बर्ट सर तिथे उभे होते. त्यांनी मला बघितलं, मग बाबांच्या हातातला फॉर्म बघितला आणि म्हणाले, जन्मसाल एक्याऐंशी लिहा, दाखला गावी राहिला म्हणून सांगा, पोराचं भलं होईल. बाबांना वाटलं पुढे नोकरीत तीन वर्षं जास्त मिळतील. तेव्हा कितीतरी लोक करायचे असं. बाबा क्लार्कला म्हणाले, "मास्तर सांगतत तसा लिवा."

त्या लिहिण्यावरच पुढे माझा दहावीचा कागद झाला आणि आधार कार्डही. आणि त्याच लिहिण्यावर त्र्याण्णव साली मी पंधरा वर्षांचा घोडा चौदा वर्षांखालच्या टुर्नामेंटमध्ये खेळलो. फायनल वाकोल्याशी. समोरच्या पोरांपेक्षा मी हातभर उंच होतो. कॉर्नरवर नुसता उभा राहिलो, डोकं लावलं आणि गोल. एक-शून्य. त्यांचा गोली बेटी मॅडमचा धाकटा भाऊ होता, तो ग्राउंडवर बसून रडला. सरांनी मला खांद्यावर घेतलं. मुंबईत येऊन तीन वर्षं झाली होती, मला कुणी नावाने हाक मारत नव्हतं, सगळे नुसता घाटी म्हणायचे. त्या दिवसापासून मी चंदू झालो.

जन्माचा खरा दाखला माझ्याकडे होता. आईच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पण तो बेटी मॅडमपुढे ठेवायचा म्हणजे त्र्याण्णवची लबाडी कबूल करायची. माझं काय जाणार होतं? पण सरांचं नाव जाणार होतं. आठ वर्षांपूर्वी मेलेला माणूस, ज्याचा फोटो क्लबच्या बॅनरवर असतो. आणि ते ॲलनसमोर जाणार होतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला नोंदणी बंद होणार होती. नलिनीने दुपारपर्यंत माझे हेलपाटे बघितले, या खोलीतून त्या खोलीत. शेवटी मी तिला सगळं सांगितलं, तशी वैतागून म्हणाली की सर ज्यांचे नवरे होते त्यांना विचार ना, मला काय विचारतोस. बरोबर होतं तिचं. मी दाखला खिशात घातला आणि जेनेव्हिव्ह आंटींकडे गेलो.

आंटी सरांच्या मिसेस. ऐंशीच्या पुढे वय, पण कान माझ्यापेक्षा चांगले. गावठाणात खाली त्यांचं घर आहे, बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आणि त्यात त्र्याण्णवच्या फायनलचा तो कप. मला नेहमी वाटायचं, सरांना त्या कपाचा फार माज होता, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये बाकीच्या कपांबरोबर न ठेवता घरी ठेवला. मी खुर्चीच्या टोकावर बसून सगळं सांगितलं. पाणी मागायचीसुद्धा लाज वाटत होती.

आंटींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला माहीत आहे. त्याच नाताळात सर फादरकडे कन्फेशनला गेले होते. फादर म्हणाले, कप परत कर. घरी येऊन सर दोन दिवस जेवले नाहीत. पोरांना काय सांगू, त्या कोकणातल्या पोराला काय सांगू, तो आत्ता कुठे हसायला लागलाय, असं म्हणत बसायचे. कप परत करायची हिंमत झाली नाही. मग हॉलमध्ये लोकांनी बघावा असा ठेवायचीही झाली नाही, म्हणून घरी आणला.

मी कपाटातल्या त्या कपाकडे बघितलं.

"आणि तुला सीनियरमध्ये टाकलं ते का, ते कळलं होतं का तुला कधी?" आंटींनी विचारलं.

नाही कळलं. तीस वर्षं मी तो राग धरून होतो, यार. पुढच्या वर्षी कागदावर मी तेरा वर्षांचा होतो, आरामात चौदाखालच्या टीममध्ये खेळलो असतो, कॅप्टन झालो असतो. सरांनी मला उचलून बाप्यांच्यात टाकलं. तिथे मला लाथा बसल्या, नडग्या फुटल्या, वर्षभर एक गोल झाला नाही. मला वाटलं सरांचं मन उडालं माझ्यावरून. आंटी म्हणाल्या, तुझ्या खऱ्या वयाच्या माणसांत खेळ म्हणून टाकलं. कप परत करता येत नव्हता, एवढंच करता येत होतं. आणि रोज विचारायचे मला, जेनी, आज चंदू लंगडत गेला का गं इथून.

त्या लाथांमुळेच मी बॅक झालो. बाप्यांना पळून हरवता येत नव्हतं, म्हणून उभं कुठे राहायचं ते शिकलो. जो काही खेळलो पंचवीस वर्षं, तो त्या वर्षामुळे. आंटींच्या घरी बसून मी रडलो, अगदी नाक पुसत. सर समोर असते तर पाय धरले असते.

आंटींनी ॲलनला फोन करून बोलावलं. तो आल्यावर त्यांनीच सगळं सांगितलं, एक शब्द मऊ न करता. तुझ्या आजोबाने खोटं लिहायला लावलं, आणि हा आज ते खरं करायला आलाय. कप वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि दोघं जा म्हणाल्या. रिक्षात ॲलन कप मांडीवर धरून बाहेर बघत होता. मला वाटलं, गेलं, हा पोरगा आता माझं तोंड बघणार नाही.

बेटी मॅडम हॉलमध्ये टेबल टाकून बसल्या होत्या. मी दोन्ही कागद समोर ठेवले आणि सरळ बोललो. त्यांनी चष्मा लावून आधी दाखला बघितला, मग आधार, मग बोटांवर हिशोब केला. मग तिथूनच भावाला फोन लावला. तो पलीकडून काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं. म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं, त्याला मिसरूड होती. मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. टुर्नामेंटच्या जुन्या वहीतलं त्र्याण्णवचं पान काढून आमच्या टीमचं नाव लाल पेनने खोडलं आणि वाकोल्याचं लिहिलं. कप कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"आता सत्तेचाळीसचा आहेस ना नक्की?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग उद्या सातला हजर राहा. उशीर झाला तर टीम बाद."

बाहेर आल्यावर ॲलन म्हणाला, की आजोबांनी त्याला एकदा दहा वर्षांखालच्या टीममधून काढलं होतं, वय फक्त नऊ दिवसांनी जास्त होतं म्हणून. तो तेव्हा खूप रडला होता. एवढंच बोलला आणि बाइकवर बसून गेला.

रविवारी आमची मॅच साकीनाक्याच्या टीमशी होती. मी सांगितल्याप्रमाणे मागे डाव्या कोपऱ्यात उभा राहिलो. पळायचं नाही, ओरडायचं नाही. दहा मिनिटं मी जीभ दाताखाली धरली. समोर मला दिसत होतं की त्यांचा तो नऊ नंबरवाला प्रत्येक वेळी प्रांजलच्या पाठीमागून आत शिरतोय, आणि प्रांजल बॉलकडे बघत बसलाय. अकराव्या मिनिटाला तो तसाच शिरला आणि गोल घातला.

मग मात्र माझा ताबा सुटला. अरे प्रांजल, सिनेमा बघायला आलास का, म्हणून जो सुरू झालो तो थांबलोच नाही. मागे बघ, पाठ वळवू नको, त्याला बाहेर जाऊ दे, आत येऊ देऊ नको. ॲलनला सांगितलं तू एवढा पुढे जाऊन काय दिवे लावतोयस, खाली ये. गोलीला सांगितलं हात खिशात घालून उभा राहू नको. ॲलनने एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं गप्प बस म्हणणार. तो खाली आला.

मी काही मोठा पराक्रम केला नाही, उगाच सांगणार नाही. माझ्याच्याने पळवत नव्हतंच. पण पळवत नाही म्हणून मी अंगावर जात नव्हतो. नऊ नंबरवाला बॉल घेऊन यायचा, मी कधी पाय टाकतोय याची वाट बघायचा, आणि मी टाकायचोच नाही. नुसता त्याच्या वाटेत उभा. तो गोंधळायचा, तेवढ्यात प्रांजल येऊन बॉल घेऊन जायचा. असं चार-पाच वेळा झालं. दुसऱ्या हाफमध्ये मी काढून दिलेला एक बॉल मधल्या पोराने ॲलनला दिला आणि ॲलनने गोल केला. एक-एक. तो पळत माझ्याकडे आला नाही, पोरांकडे गेला, आणि ते बरोबरच होतं.

मॅच तशीच संपली. नॉक-आउट असल्यामुळे पाच-पाच मिनिटं जादा. आता जादा वेळात बेटी मॅडमचा पंचेचाळीसचा नियम नसतो, कारण पहिल्याच वर्षी त्यात एक अंकल चक्कर येऊन पडले होते. त्यामुळे जादा वेळ लागला, की प्रत्येक टीम आपला पंचेचाळीसवाला काढते आणि ताजा पोरगा आत घालते. साकीनाक्यानेही त्यांच्या अंकलना बाहेर घेतलं, त्यांच्या पाठीवर थोपटलं. आमच्या बाकावर तीन पोरं ताजी होती. त्यांतला एक जर्सी खोचून उभाही राहिला होता.

मी समजलो. बाजूला जाऊन गवतावर बसलो. गुडघा एवढा सुजला होता की पट्टा रुतत होता. मनात एकही तक्रार नव्हती, खरंच सांगतो. सात वर्षांनी चाळीस मिनिटं मिळाली होती. सर, आंटी, नलिनी, बेटी मॅडम, सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानून झाले. प्रांजल पाणी देऊन गेला, जाताना म्हणाला अंकल तुम्ही शिव्या छान देता. त्याचेही मानले. शूजच्या नाड्या सोडल्या आणि उजवा शूज काढायला घेतला.

समोर ॲलनचे पाय येऊन थांबले.

"काढतोस कशाला?" तो म्हणाला.

मी म्हणालो, अरे आता नियम नाही, तो उभा आहे ना तयार, घाल त्याला. दहा मिनिटं पोरं पळतील.

"नियम नाही ते मला माहीत आहे," ॲलन म्हणाला. "नियमासाठी नाही बोलवत. मागे तू पाहिजेस."

मी शूज परत चढवला. नाडी बांधायला गेलो तर घाईत गाठ बसेना. रेफ्रीने शिट्टी मारली, बेटी मॅडम टेबलावरून हात दाखवायला लागल्या, सगळी पोरं जागेवर गेली. ॲलन खाली गुडघ्यावर बसला, माझा एकेक पाय त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दोन्ही नाड्या घट्ट बांधून दिल्या.